मी डबा नेला ती येळवस

आमच्या जळकोटात बिनकामाचं चालणारं माणूस दिसलं की लोकांना काळजी वाटते. चालायचं तर कुठंतरी जायला हवं आणि हातात काहीतरी हवं. विळा, दुधाची किटली, निदान एखादी रिकामी पिशवी. मी सकाळी सहाला रिकाम्या हातानं निघते, पाणंदीनं तलावापर्यंत जाते आणि तिथं काहीही न करता परत येते, हे गावाच्या पचनी पडायला फार दिवस लागले. सुरुवातीला रोज कुणीतरी मोटारसायकल थांबवायचं. "बसा बाई, सोडतो." कुठं सोडणार? मला कुठंच जायचं नसायचं. माझा जुना विद्यार्थी बालाजी, आता चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, तो तर एकदा पुढं जाऊन गाडी वळवून परत आला. "लाजू नका बाई. पायी कशाला जाताव? मला काय तरास न्हाय." शेवटी मी सांगून टाकलं, की बाबा रे, मी वजन कमी करायला चालतेय. त्यानं गाडी बंद केली. मग अगदी भाबडेपणानं म्हणाला, "पर बाई, कुणासाठी?"

पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं. प्रश्न विचारायला मीच शिकवलं. मी त्याला म्हटलं, "जा, तुला उशीर होतोय," आणि चालायला लागले.

येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा रानातला सण, परवाच झाली, म्हणून हे सगळं पुन्हा वर आलंय. हे दिवसच तसे असतात. ज्वारी पोटरीतून बाहेर येऊन कणसं धरायला लागलेली, तुरी वाळून खुळखुळायला लागलेल्या आणि हरभरा हिरवागार. पहाटे हरभऱ्यावर जे दव पडतं ते आंबट असतं. पाणंदीनं जाताना मी वाकून शेंड्यांवरून हात फिरवते आणि बोट जिभेला लावते. वाकताना गुडघा कुरकुर करतो. लांब हायवेवरून हैद्राबादकडं जाणाऱ्या मालट्रकांची घरघर येत असते, पण ती इतकी सवयीची झालीय की ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो माझाच श्वास. थंडीच्या दिवसांत स्वतःचा श्वास फार मोठ्यानं ऐकू येतो, विशेषतः शेजारी चालणारं कुणी नसलं की.

पायात मुलीनं पाठवलेले बूट. साडीखाली बूट घालून मी पहिल्यांदा निघाले तेव्हा पारावरच्या मंडळींनी बोलणं थांबवलं होतं. मनगटावर तिनंच दिलेलं घड्याळ, त्यात पावलं मोजली जातात. ती बंगळुरात असते. संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न, "आई, आज किती झाली?" आधी ती "जेवलीस का?" विचारायची. आता पावलं विचारते. मला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, काळजीच करते बिचारी. तरी वाटतंच.

सोलापूरच्या डॉक्टरांनी यंदा दिवाळीनंतर दोन्ही गुडघ्यांचे फोटो उजेडापुढं धरले आणि म्हणाले, "मॅडम, आठ-दहा किलो उतरवा. उतरलं तर ऑपरेशन टळेल बहुतेक. नाही उतरलं तर करावंच लागेल, आणि मग सहा आठवडे घरात कुणीतरी लागेल." मग त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, "मी." त्यांना वाटलं मी पुढं आणखी नावं सांगणार आहे. पेन हातात धरून ते थांबले होते. तेव्हा मला कळलं की हा प्रश्न वजनाचा राहिलेला नाही. पाय गेले तर मला हे घर बंद करून बंगळुरात नवव्या मजल्यावर जाऊन बसावं लागणार. लेक, जावई चांगले आहेत. पण तिथं मी कुणाची बाई नाही. इथं राहायचं तर पाय चालते हवेत. आणि इथं राहून उपयोग व्हायचा तर माणसं हवीत. या दोन गोष्टींची माझ्या बाबतीत एकमेकींशी अशी काही मारामारी झाली, की सांगायलाच हवं.

आम्ही दोघंही इथले नव्हे. मी परंड्याची. सर, म्हणजे माझे यजमान, ईटचे. आम्ही एकाच शाळेत होतो म्हणून सगळं गाव त्यांना सर म्हणायचं आणि मीही सरच म्हणायचे. बदलीनं इथं आलो आणि रमलो. घर बांधलं, पण रान घेतलं नाही. त्यामुळं आमच्या पहिल्या येळवशीला आमची गंमतच झाली. मला हा सण ठाऊक नव्हता. त्या दिवशी सकाळी नऊला मी दार उघडलं तर गल्लीत चिटपाखरू नाही. दुकानं बंद, पार रिकामा, हापशावर बाई नाही. मी घाबरून सरांना म्हटलं, "अहो, गावात काहीतरी झालंय." तेवढ्यात एक बाई डोक्यावर आंबिलीची बिंदगी घेऊन लगबगीनं चाललेली दिसली. तिनं आम्हाला दारात उभं बघितलं आणि म्हणाली, "अवं, अजून घरातच? येळवस हाय. चला की रानात!" आम्ही म्हटलं, आमचं रान नाही. ती म्हणाली, "मग काय झालं? समद्यांचं हाय की."

ती सोजरमावशी. तिच्या मागं मागं आम्ही गेलो. तिच्या रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पुढ्यात भज्जी. भज्जी म्हणजे काय ते इथल्याच माणसाला कळतं. रानात त्या दिवसांत जे जे हिरवं असतं, ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, पातीचा कांदा, चार पालेभाज्या, ते सगळं ताकात आणि बेसनात रटरट शिजवायचं. बरोबर बाजरीचे उकडलेले गोळे, म्हणजे उंडे, आंबील, गव्हाची खीर, तिळाची भाकरी. जेवायचं, उठायचं आणि शेजारच्या रानात जायचं, की तिथं पुन्हा बसायचं. सर त्या दिवशी सात रानांत जेवले. घरी येऊन आडवे झाले आणि छताकडं बघत म्हणाले, "आपल्याला रान नाही तेच बरं आहे गं."

पुढं पंचवीस-सव्वीस वर्षं आम्ही एकही येळवस चुकवली नाही.

चालायला लागलो ते मात्र दोघंही रिटायर झाल्यावर. सरांच्या बरोबर चालणं हा व्यायाम नव्हताच. दर बांधाला ते थांबायचे. कुणाच्या म्हशीचं काय झालं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं का, कुणाची पोरगी कितवीत गेली. मी पुढं जाऊन कमरेवर हात ठेवून उभी. "चालणं म्हणजे चालणं असतं," मी म्हणायचे. ते म्हणायचे, "मी चालतोच आहे, फक्त मधून मधून थांबून." मी चिडायचे. खरंच चिडायचे, लटकं नव्हे. एकदा तर त्यांना तिथंच सोडून एकटी परत आले. आज त्या गोष्टीची लाज वाटते.

सहा वर्षांपूर्वी श्रावणात ते गेले. बारा-तेरा दिवस घरात मी चूल पेटवली नाही. कुणाकडून पिठलं, कुणाकडून भाकरी, कुणाकडून कढी. मग रीतीप्रमाणं ते थांबलं आणि मी पुन्हा ओट्यापुढं उभी राहिले. माझ्या हाताला दोघांचं पीठ घ्यायची सवय होती. चार भाकरी व्हायच्या. दोन माझ्या, दोन त्यांच्या. टाकवत नव्हत्या, म्हणून मी त्यांच्याही खाऊन टाकायचे. ताट न घेता, ओट्याशी उभ्यानंच, तव्यावरची भाकरी आणि पातेल्यातली भाजी. कुणी विचारणारं नव्हतं आणि स्वतःला मी विचारलं नाही. दोन वर्षांत माझं वजन नव्वदीला टेकलं. लोक म्हणायचे, "बाई, बऱ्या दिसताव आता." बरं दिसणं म्हणजे इथं जाड होणं. माणूस दुःखातून सावरलं, असा त्यांचा अर्थ.

मग एका हिवाळ्यात मी मनावर घेतलं. आणि माझा स्वभाव असा की मनावर घेतलं की पार टोकाला न्यायचं. शाळेत मी तशीच होते, पोरं टरकून असायची. साखर बंद, भात बंद, तेल चमच्यानं मोजून. रोज सकाळ-संध्याकाळ चालणं. बालाजीनं तो प्रश्न विचारला ते याच वर्षी. त्याला उत्तर देता आलं नाही म्हणून की काय, मी आणखी जोरात चालायला लागले. सहा महिन्यांत अकरा किलो उतरले. ब्लाउज सैल झाले, गुडघे गप्प झाले. मला इतका गर्व झाला की मी कुणाच्या घरी गेले तरी त्यांच्या ताटाकडं बघून मनात म्हणायचे, हे काय खातात हे लोक.

आणि येळवशीला मी डबा नेला.

आता लिहितानाही माझे कान तापतात. उकडलेले मूग, काकडी आणि एक फुलका. स्टीलचा डबा, वर रुमाल बांधलेला. मला वाटलं, मी फार शहाणपणा करतेय. सण मोडायचा नाही आणि पथ्यही मोडायचं नाही. सोजरमावशीच्या कोपीपुढं सगळे बसले. मावशीनं माझ्यापुढं पत्रावळ ठेवली, भज्जीची पळी उचलली आणि मी हात आडवा धरून म्हटलं, "मला नको मावशी, मी माझं आणलंय." डबा उघडला.

पळी तशीच हवेत राहिली. येळवशीला रानात कुणी घरचा डबा आणत नाही. असं आजवर कुणी केलंच नव्हतं. मावशीचा थोरला लेक म्हणाला, "बाई, आमच्या हातचं चालंना का आता?" तो हसत म्हणाला, पण हसण्यात दम नव्हता. मी घाईघाईनं साखर, डॉक्टर, गुडघे असं काहीबाही सांगायला लागले. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या रं. पथ्य हाय त्यांला." आणि पळीतली भज्जी परत पातेल्यात ओतली. त्यानंतर मी आणखी चार रानांत गेले आणि चारही ठिकाणी डबा दाखवला. डबा तर केव्हाच संपला होता. नुसता रिकामा दाखवायचा आणि म्हणायचं, झालंय माझं.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मी चार शब्द बोलले असते, चार ऐकून घेतले असते. गावानं माझ्यावर दया केली. हुरड्याचे दिवस आले, कुणी बोलावलं नाही. बालाजीच्या घरी पोरीचं बारसं झालं, पेढ्याऐवजी माझ्यासाठी एक सफरचंद आलं. लोक घरात खात असले आणि मी गेले तर ताटं आत न्यायचे. मला नाही म्हणायला लागू नये म्हणून. पुढच्या येळवशीच्या आदल्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत ओसरीत बसून होते. गल्लीतनं बायका ये-जा करत होत्या, दळणं आणत होत्या, शेंगा फोडत होत्या. "उद्या या बाई रानात," एवढं दर वर्षी कुणी ना कुणी म्हणायचंच. कुणी म्हणालं नाही. बोलावल्याशिवाय कसं जायचं, मी काय हलकी आहे का, असं म्हणत मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशीचं गाव मी कधी विसरणार नाही. येळवशीच्या दिवशी संचारबंदी लागल्यासारखं सगळं रिकामं होतं. अकराच्या सुमारास मी बाहेर पडले आणि गावातून फिरले. प्रत्येक दाराला कडी. कुत्रीसुद्धा रानात गेली होती. एक रेडिओ कुणीतरी चालू ठेवून गेलं होतं, तो आतल्या आत बडबडत होता. मी शाळेपर्यंत गेले, फाटकाला हात लावून परत आले. हायवेवर एक ट्रकवाला थांबला होता. त्यानं हिंदीत विचारलं, इथं चहा कुठं मिळेल? मी म्हटलं, आज गावात कुणी नाही. तो म्हणाला, "आप तो हैं." मला त्याला घरी नेऊन चहा पाजावासा वाटला. पण एकटी बाई, परका माणूस; ते काही करवलं नाही. तो गेला. दुपारी मी घरी येऊन मूग उकडले.

त्यानंतर चालणं सुटलं. निमित्त पायाचं झालं. पाणंदीत चिखलावरून घसरले, घोटा सुजला, तीन आठवडे घरात. पण सुटलं होतं ते त्याआधीच. मुलीनं मोबाइलवर योगाचा वर्ग लावून दिला. समोरची सडपातळ बाई इतकी गोड बोलायची की मला तिचा राग यायचा. "आता हळूच खाली वाका." खाली वाकले ते वर येताना खुर्ची धरावी लागली. तेही बंद. अकरा गेलेले किलो तेरा होऊन परत आले. यातही एक लबाडी होती, आज कबूल करते. मी पुन्हा जाड झाले तर लोक पुन्हा जेवायला बोलावतील, असं मला कुठंतरी वाटत होतं. तसं काही झालं नाही. गावानं एकदा मनाशी ठरवलं की बाईंना पथ्य आहे, मग बाई कशाही दिसोत.

या वयात पुन्हा सुरुवात करण्याची एक वेगळीच अडचण असते. तिशीत माणूस व्यायाम सुरू करतं तेव्हा पुढं कुणीतरी नवीन आपण दिसतो. सदुसष्टाव्या वर्षी पुढं कुणी दिसत नाही. मागचेच दिसतात, आणि ते सगळे एकदा करून मोडलेले असतात. आपण आधी हरलोय हे आपल्याला ठाऊक असतं आणि पाणंदीतल्या प्रत्येक बांधालाही ठाऊक असतं. यंदा डॉक्टरकडून आल्यावर मी बूट काढले तर त्यात कोळ्यानं जाळं केलं होतं. ते झटकलं आणि पहिल्या दिवशी फक्त शाळेपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी पिंपळापर्यंत. या वेळी मूग-काकडीचं वेड नाही. दोन भाकरीचंच पीठ घ्यायचं आणि ताट घेऊन बसून खायचं, इतकंच ठरवलं. दोन भाकरीचं पीठ घेणं हे सगळ्या व्यायामांत मला अवघड गेलं. हात आपोआप डब्यात दुसऱ्यांदा जायचा. मी त्याला ओरडायचे, मोठ्यानं, वर्गात ओरडावं तशी. दीड महिन्यात चार किलो कमी झाले. कुणालाच सांगितलं नाही. मुलीला फक्त पावलं सांगते.

परवा सकाळी उठले तेव्हा येळवस आहे हे मला माहीत होतं. चालणं चुकवायचं नाही एवढंच कारण सांगून मी नेहमीच्या वाटेनं निघाले, पण सहाऐवजी साडेदहाला निघाले. कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, आज थंडी होती. थंडी नव्हती. त्या वाटेनं लोक असतात म्हणून निघाले होते.

दोन्ही बाजूंनी रानं भरलेली. कोपींवर लाल-पिवळ्या चादरी, धुरांच्या रेघा, भज्जीचा वास असा की पोट आतून ओढत होतं. आणि सगळीकडून एकच हाक. "चाललाव का बाई? चालू द्या, चालू द्या!" बालाजीनं लांबून हात केला. त्याची बायको उठायला लागली तर त्यानं तिला खाली बसवलं. "थांबवू नगं त्यांला," हे मला स्पष्ट ऐकू आलं. पूर्वी मला कुणी थांबवू नये म्हणून मी किती चरफडले होते. आता सगळं गाव बाजूला सरून मला वाट देत होतं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान खाली घालून चालत राहिले. घड्याळ पावलं मोजत होतं.

तलावाच्या अलीकडं सोजरमावशीचं रान. तिथं कोप होती, पण लहानशी, चार-पाच पेंढ्यांची. माणसं नव्हती. मावशी एकटीच बसली होती, दोन्ही पाय पुढं पसरून. मी बांधावर थांबले. तिनं बघितलं, हात डोळ्यांवर धरला, ओळखलं आणि तीही म्हणाली, "चाललाव का बाई?"

मी म्हटलं, "नाही."

पुढं काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. मी बांध उतरून तिच्या रानात गेले, कोपीपुढं उभी राहिले आणि जे आयुष्यात कधी कुणाच्या दारात म्हटलं नाही ते म्हटलं. "मावशी, मला भूक लागलीय. वाढता का?"

तिनं माझ्याकडं वर बघितलं. "तुमचं पथ्य?"

"एक उंडा खाईन. पळीभर भज्जी घाला. तेवढं चालतं. तेव्हाही चाललं असतं, मावशी. मला कळलं नाही."

तिनं पातेल्यावरचं झाकण सारखं केलं, पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, "म्या बी लई दिस म्हणत व्हते, बाईचं काय चुकलं, त्यांला न्हाय सोसत तर न्हाय. पर मग बोलवायचं कसं, तुमच्यापुढं आमी खायाचं कसं?" मी विचारलं, पोरं कुठं आहेत. "पुण्यात. थोरला म्हणला सुट्टी न्हाय, धाकटा म्हणला पुढच्या साली येतो. म्या पूजा केली एकटीनंच." आणि मग जरा हुशार होऊन तिनं मान वर केली. "वाढते की ओ. पर अजून शिंपायचं ऱ्हायलंय. रान शिंपल्याबिगर कसं जेवायचं?"

पूजा झाली की जेवणाआधी सगळ्या रानाला आंबील शिंपायची असते. एकानं तांब्या घेऊन बांधाबांधानं फिरायचं, कडुलिंबाच्या डहाळीनं पिकावर शिंपडायचं आणि जुन्या कानडी वळणाच्या ठरलेल्या ओळी मोठ्यानं म्हणायच्या. त्यांचा अर्थ इथं कुणालाच नीट सांगता येत नाही, पण वर्षानुवर्षं ऐकून मलाही त्या पाठ झालेल्या. हे काम घरच्या गडीमाणसाचं. मावशी म्हणाली, "मागल्या साली म्याच गेले व्हते. त्या लिंबाच्या झाडापत्तूर गेले आन् बसले तिथंच. निम्मं रान तसंच ऱ्हायलं." तिनं स्वतःच्या पायांवर हात फिरवला. "तुमी रोज चालताव. समदं गाव बघतंय. जाताव का?"

मी म्हटलं, "मावशी, माझं हे रान नाही. मी घरची नाही. त्यात मी अशी." अशी म्हणजे कुंकू नसलेली, हे मी बोलले नाही.

"म्या बी तशीच हाय की," ती म्हणाली. "रानाला काय कळतंय? तेला फकस्त शिंपायला पायजे." आणि तांब्या माझ्या हातात दिला.

साडेचार एकर रान. ज्वारीच्या कडेनं बांध, बांधावर ढेकळं, बुटातसुद्धा पाय वाकडा पडत होता. पहिल्यांदा ओळी म्हणताना आवाज पुटपुटण्याएवढाच निघाला. दुसऱ्यांदा जरा बाहेर आला. मग माझा शाळेतला आवाज लागला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. डहाळी तांब्यात बुडवायची, शिंपडायची, चार पावलं, पुन्हा. आंबिलीचे थेंब ज्वारीच्या पानांवर पडायचे आणि खाली घरंगळायचे. मागून कुणीतरी त्या ओळी झेलायच्या असतात. माझ्यामागं कुणी नव्हतं. मी एकदा म्हणायचे आणि दुसऱ्यांदाही मीच म्हणायचे. लिंबाचं झाड आलं. तिथं मला दम लागला, उजवा गुडघा ठणकायला लागला. मावशी का बसली असेल ते कळलं. झाडाला हात लावून मी उभी राहिले, श्वास मोजला आणि पुढं निघाले.

अगदी पल्याडच्या बांधाला पोचल्यावर मी मागं वळून बघितलं. कोप एवढीशी दिसत होती. मावशी उठून उभी राहिली होती, कपाळावर हात धरून मलाच बघत होती. तिच्या पुढ्यात दोन पत्रावळी मांडलेल्या दिसत होत्या, दोन्ही कोऱ्या. बारा वाजून गेले असतील. तिच्या पोटात सकाळपासून काही नसणार. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "मावशी, तुम्ही बसा जेवायला! मला वेळ लागेल!"

वाऱ्यावरून तिचा आवाज आला. "लागू द्या! म्या थांबते!"

सहा वर्षांत माझ्यासाठी कुणी जेवायचं थांबलं नव्हतं. मी डहाळी तांब्यात बुडवली आणि राहिलेला बांध जरा भराभर चालले.